शेवगावचा हेल

पांढरं नऊवारी लुगडं, लांब बाह्यांचं पोलकं, डोक्यावरून पदर, आणि या सगळ्याच्या खाली जाड तळाचे, नाडीचे, तपकिरी साहेबी बूट. रूथबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला नुकतीच लागले होते. लढाईचे दिवस होते, साखरेपासून रॉकेलपर्यंत सगळ्यावर रेशन आलं होतं, पण हसण्यावर अजून आलेलं नव्हतं. शेजारच्या शिवणाच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, "हसून घ्या आजचा दिवस. उद्यापासून तुम्हीसुद्धा त्या बुटांची वाट बघाल."

झालंही तसंच. आमच्या शाळेच्या लांबलचक व्हरांड्याला शहाबादी फरशी होती. तिच्यावर रूथबाईंचे बूट खाड, खाड वाजत यायचे. पहिल्या खाडला मॅट्रिकच्या वर्गातल्या चिंचा दप्तरात जायच्या, दुसऱ्याला भांडणं मिटायची, आणि बाई दारात उभ्या राहीपर्यंत सगळ्या पोरी धड्यावर बोट ठेवून बसलेल्या असायच्या. मी मात्र साध्या चपलांत, आवाज न करता जायची आणि रोज एकीला तरी रंगेहात पकडायची. एकदा मी त्यांना म्हटलं, "रूथबाई, जरा हळू चाला की. मुलींना आधीच सुगावा लागतो."

"लागू द्या की," त्या म्हणाल्या. "चोरावानी येऊन पोरी धरायच्या, ही काय मास्तरकी झाली? मी वर्दी देऊन येते. ज्यांना शहानं व्हायचंय त्यांनी मी यायच्या आत व्हावं."

मुली मला भ्यायच्या आणि त्यांच्यावर जीव टाकायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं.

रूथबाई शेवगावकडच्या. तिकडचं ते हाय-न्हाई त्यांच्या मराठीतून उभ्या जन्मात गेलं नाही, आणि जावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. पण इंग्रजी वाचायला लागल्या की त्यांच्या पोलक्यात दुसरीच कुणी बाई येऊन बसायची. सूर उंच चढायचा, वाक्याच्या शेवटी झोका घेऊन वरच थांबायचा. 'थ' त्यांच्या तोंडात कधी यायचाच नाही, 'थर्टी थ्री' म्हणायच्या जागी 'टर्टी ट्री'. 'फिल्म'चं फिल्लम. आणि 'र'! आपण 'र' म्हणतो तेव्हा जीभ टाळ्याला एक टिचकी मारून मोकळी होते. त्यांची जीभ मागे वळायची आणि तो 'र' लाडू वळावा तसा तोंडात घोळवून मगच बाहेर सोडायची. मी पुण्यात शिकलेली, चार प्रोफेसरांचं इंग्रजी ऐकलेलं, पण हे असलं इंग्रजी मी कुठेच ऐकलं नव्हतं. चुकीचं म्हणावं तर कानाला इतकं गोड लागायचं की माझा तास मोकळा असला की मी त्यांच्या वर्गाच्या भिंतीला टेकून पेपर तपासत बसे.

ते इंग्रजी आणि ते बूट एकाच ठिकाणाहून आले होते.

मोठ्या दुष्काळात शेवगावच्या वाटेवर एक तीन-चार वर्षांची मुलगी मिशनच्या लोकांना सापडली. आईबाप होते की नव्हते, कुणाला ठाऊक नाही. अनाथाश्रम चालवायच्या मिस नोलन, आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावच्या. त्यांनी या मुलीला मांडीवर घेतलं, रूथ नाव ठेवलं आणि वाढवलं. खेळायला, भांडायला अनाथाश्रमातली शेवगाव-पाथर्डीची पोरं होती, तिथून मराठी आली. इंग्रजी आलं ते सगळं नोलनबाईंच्या तोंडून. पुढे पहिल्या महायुद्धात नोलनबाई आजारी आईला भेटायला मायदेशी निघाल्या. सामान कमी करायचं म्हणून त्यांनी आपले चालायचे बूट रूथबाईंकडे ठेवले आणि सांगितलं, "मी येईपर्यंत वापर. पडून राहिले तर कातडं कडक होईल."

जहाज बुडालं. रूथबाईंनी बूट वापरणं थांबवलं नाही.

एक बोट मोठेच होते ते त्यांना. पुढे चिंधी कोंबायच्या. दर शनिवारी व्हरांड्याच्या पायरीवर बसून एरंडेल लावायच्या, तेव्हा त्यांच्याशी बोलायची आमची कुणाची छाती होत नसे. वर्षा-दीड वर्षानं ते माळीवाड्यातल्या सटवाजी चांभाराकडे जायचे. एकदा मी बरोबर होते. सटवाजीनं बूट उलटेपालटे केले आणि कपाळाला हात लावला.

"बाई, तळ म्या तीनदा बदलला. टाच बदलली. नाडीची कातडी बदलली. आता ह्यात जुनं म्हनावं आसं निस्ती भोकं ऱ्हायलीत!"

बुटांच्या चवड्यावर भोकाभोकांची नक्षी होती, त्याबद्दल तो बोलत होता. रूथबाई मोठ्या गंभीरपणे म्हणाल्या, "तीच जपा. बाईंच्या गावात दलदल लई. बुटात पानी शिरलं तर भाईर निघायला म्हनून ती भोकं हायेत."

सटवाजीनं भोकात आरी घालून पाहिली. "आरपार न्हाईत की वो!"

"नसू द्या. आपल्या मुलखात शिरायला पानी तरी कुठं हाय?"

सटवाजी इतका हसला की त्याच्या तोंडातली बिडी पडली. रूथबाई हसल्या नाहीत. त्यांची विनोद करायची तीच रीत होती, आणि आपण विनोद केला हे त्यांना कळत होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळेची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची. मी हिंदू, त्यामुळे मागे उभी राहायची. प्रार्थनेच्या खोलीत सतरंजीवर बसायचं आणि पायताण बाहेर काढायचं, ही आमच्याकडची रीत. गोऱ्या मडमांसाठी मागे खुर्च्या असत आणि त्या बुटांसकट बसत. नोलनबाई मात्र म्हणे पहिल्या दिवसापासून बूट दाराशी काढून पोरींच्यात मांडी घालून बसायच्या. त्यामुळे रूथबाईंचे बूटही दाराबाहेर असायचे, दोन्ही शेजारी शेजारी, नाड्या आत खोचलेल्या.

प्रार्थना म्हणायची पाळी एकेका बाईंची असे. रूथबाईंची पाळी आली की नोलनबाईंनी अनाथाश्रमातल्या पोरांसाठी रचलेली एक लहानशी मराठी प्रार्थना त्या म्हणायच्या. "प्रभो, रात्र सरली. दार उघड, आम्हाला घरात घे, आणि दाराबाहेर कुणाला ठेवू नकोस." एवढीच. पण तेवढ्या दोन ओळींपुरतं शेवगाव त्यांच्या तोंडातून नाहीसं व्हायचं. सगळे 'र' वळायचे. रात्र, सरली, दार, घर, बाहेर. वाक्य झोका घेऊन वर थांबायचं. एका आयरिश बाईनं मोडक्यातोडक्या मराठीत जसं म्हटलं असेल तसंच, अक्षर न अक्षर. डोळे मिटून ऐकलं तर पुढे गोरी बाईच बसली आहे असं वाटे. मग आमेन झालं की डोळे उघडून म्हणायच्या, "चला गं, पळा आता, घंटी व्हईल."

मॅट्रिकच्या मुलींच्या इंग्रजीबद्दल त्यांची एक तक्रार होती. "ट्री, टर्टी उचलतात, पर 'र' काय वळत न्हाई कुनाला. ह्यांच्या जिभा आता निब्बर झाल्या. कवळ्या हायेत तवर वळतात त्या."

"न वळो. पास होतात ना?" मी म्हणे.

"पास तर व्हतात," त्या म्हणायच्या, आणि बूट वाजवत तासाला निघायच्या.

त्या वर्षी नगर सोजिरांनी भरून गेलं होतं. भिंगारच्या छावणीतून दर रविवारी घोळकेच्या घोळके कापड बाजारात यायचे. आम्ही दोघी खणाच्या दुकानाच्या पायरीवर होतो. रूथबाई दुकानदाराशी घासाघीस करत होत्या आणि त्याला अस्सल शेवगावी भाषेत त्याच्या खणाची लायकी सांगत होत्या. समोर गाडीवर एक तांबड्या केसांचा सोजीर कापून ठेवलेलं कलिंगड उचलत होता. त्याच्यावर माश्या घोंघावत होत्या. रूथबाईंनी अर्धं वाक्य दुकानदाराच्या तोंडावर टाकलं आणि वळून त्या सोजिराला इंग्रजीत फटकारलं, की ठेव ते खाली, कॉलरा व्हायचाय का तुला, आणि उन्हात टोपी कुठे आहे तुझी?

सोजिराच्या हातातली फोड गळून पडली. तो बाजारभर बघायला लागला. हे बोललं कोण, ते त्याला कळेना. समोर लुगड्यातली एक काळीसावळी बाई उभी. त्यानं खाली पाहिलं तर पायांत बूट. तो जवळ आला आणि हळूच विचारलं, "बाई, पुन्हा बोलाल का?" आणि त्यानं विचारलं ते नेमक्या त्याच सुरात!

पुढच्या रविवारी तो बिस्किटांचा डबा घेऊन शाळेच्या व्हरांड्यात हजर. काय बोलायचं ते रूथबाईंना सुचेना. मग त्यांनी नोलनबाई त्यांना लहानपणी जे जे म्हणून रागवायच्या ते सगळं त्याला ओळीनं ऐकवलं. पाणी उकळून पी. ओले मोजे घालू नकोस. आईला पत्र टाक. खोटं बोललास तर मला कळतं. तो वीस-बावीस वर्षांचा आडदांड गडी, मांडीवर टोपी घेऊन बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याची पलटण आठवड्याभरात ब्रह्मदेशाकडे गेली. पुढे त्याचं काय झालं, देव जाणे.

त्या रविवारी तो गेल्यावर रूथबाई तिथेच बसून होत्या. डबा उघडलाही नाही. मी म्हटलं, "बिचारा. घरची आठवण आली त्याला."

"त्याचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "बाई गेल्या तवापास्नं मीच बोलते आन् मीच ऐकते. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं."

लढाई संपली तशी शाळेची जुनी मडम मायदेशी गेली आणि पुण्याहून नव्या मोठ्या बाई आल्या, मिस जोसेफ. बाई वाईट नव्हत्या. हुशार होत्या, कामसू होत्या, मुलींच्या भल्यासाठी रात्रंदिवस झटायच्या. फक्त पुण्या-नगरच्या पलीकडे माणसं राहतात यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यांच्या पहिल्याच वर्षी सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला आले. मॅट्रिकच्या वर्गात त्यांनी रूथबाईंना एक उतारा वाचायला सांगितला. मी फळा पुसण्याच्या निमित्तानं मागे रेंगाळले होते. रूथबाईंनी वाचला, आणि फार सुरेख वाचला. इन्स्पेक्टरसाहेबांच्या भुवया प्रत्येक वाक्याला इंचभर वर जात होत्या.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, आपण मूळच्या कुठल्या?"

"शेवगावची, साहेब."

"वाटलंच," साहेब म्हणाले.

व्हरांड्यात येऊन त्यांनी मिस जोसेफना सांगितलं, "हेल बघा, हेल! अस्सल शेवगावी. खेडवळ जिभेला 'थ' म्हणता येत नाही, तो असा. या मुली उद्या कॉलेजात गेल्या तर हसं होईल त्यांचं."

मिस जोसेफनी मान डोलावली. शेवगावात जन्माला येऊन कुणी 'थ'ला घाबरत नाही. तिथली पोरं थापा मारतात, थयथयाट करतात, सगळं व्यवस्थित 'थ'नंच करतात. पण इतका साधा विचार दोन शिकलेल्या माणसांच्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस जोसेफनी रूथबाईंना बोलावलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत उच्चार सुधारा, माझ्या बंगल्यावर रेडिओ आहे, रोज येऊन इंग्रजी बातम्या ऐका. सुधारलात तर मॅट्रिकचा वर्ग तुमचाच. नाहीतर जूनपासून मराठी पहिली. हे त्या प्रेमानंच बोलल्या, तेही सांगायला हवं.

मी चवताळले. "तुम्ही सांगत का नाही त्यांना? हा हेल शेवगावचा नाही, आयर्लंडचा आहे म्हणून? नाहीतर मी सांगते!"

"तुमी तोंड उघडलं तर माझ्याशी बोलू नका," रूथबाई म्हणाल्या. इतक्या कडक मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "काय सांगू त्यास्नी? मला शिकवलं तिनंच चुकीचं शिकवलं म्हनून? मंग ते बाईंना हसतील. शेवगावाला हसलेलं चालंल. शेवगाव लई निब्बर हाय, त्याला दुष्काळानं काय झालं न्हाई, इन्स्पेक्टरनं काय व्हतंय?"

तरी सुट्टीत त्या बंगल्यावर गेल्या. मॅट्रिकचा वर्ग म्हणजे त्यांचा जीव होता, तो असा सहजासहजी सोडवेना. सोबतीला मीही जायची. रेडिओवरचा निवेदक खणखणीत इंग्रजीत बातम्या द्यायचा आणि रूथबाई बूट जोडून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारख्या ऐकायच्या. आठवडाभर त्यांनी तोंड उघडलं नाही. मग एके दिवशी बातम्या संपल्या आणि त्यांनी शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं. जसंच्या तसं! 'थ' जागच्या जागी, वळलेला 'र' नावालासुद्धा नाही. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "जमलं की हो! सुटला प्रश्न!"

रूथबाईंनी पाणी मागितलं. एक घोट घेतला, तोंडातल्या तोंडात फिरवला, बाहेर जाऊन चूळ भरली आणि पदरानं ओठ पुसले.

"येतंय मला," त्या म्हणाल्या. "येत न्हाई आसं न्हाई. पर मी तसं बोलले आन् बाई गप बसल्या. त्यांचं थडगं न्हाई कुठं. ना हितं, ना तितं. हे बोलनं तेवढं हाय. मी ते पुसलं तर त्या कुठं ऱ्हातील?"

मला रडू आलं. त्या उठल्या, मिस जोसेफना "मला जमायचं न्हाई, मोठ्या बाई" म्हणून सांगितलं, आणि खाड, खाड बूट वाजवत फाटकाबाहेर पडल्या. मिस जोसेफ मला म्हणाल्या, "वय झालं की जीभ वळत नाही, त्यांचा दोष नाही." तोंड उघडायचं नाही, असं रूथबाईंनी मला बजावलेलं होतं. दात आवळून मी त्यांच्या मागे निघाले.

जूनपासून रूथबाई मराठी पहिलीवर गेल्या. व्हरांडा एकदम मुका झाला. पहिलीची पोरं सतरंजीवर बसत, प्रार्थनाही वर्गातच म्हणत, त्यामुळे पायताण वर्गाबाहेर. बूट सकाळी एकदा वाजत आणि दाराशी बसत, ते शाळा सुटेपर्यंत. मॅट्रिकला पुण्याच्या एक नव्या बाई आल्या. त्यांच्या चपला वाजत नसत आणि मुली रोज पकडल्या जात. मधल्या सुट्टीत रूथबाई अनवाणीच आमच्यात येऊन बसायच्या, डबा खायच्या, पण इंग्रजीत एक अक्षर बोलायच्या नाहीत. आता तशी गरजच उरली नव्हती. मला वाटायचं, संपलं. अशा वेळी माणूस आतून वाळत जातं हे मला ठाऊक होतं, आणि मी रोज त्यांच्याकडे चोरून बघायची, की वाळल्या का?

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा सांगलीचा. शाळा सोडायची तो शेवटचा दिवस. सकाळी सगळ्यांच्या आधी रूथबाईंचा निरोप घ्यावा म्हणून मी पहिलीच्या वर्गाकडे गेले. बूट दाराशी होते, शेजारी शेजारी, नाड्या आत खोचलेल्या. त्यांच्या अवतीभवती दोन-तीन फाटक्या चपला. बाकीची पोरं अनवाणीच यायची. मी हाक मारणार तेवढ्यात आतून प्रार्थना सुरू झाली.

"प्रभो, रात्र सरली..."

मी तिथेच थांबले. आत सगळी पाच-सहा वर्षांची पोरं. बेलापूरची, कर्जतची, कुणी भिंगारच्या धोब्याचं, कुणी तांबोळ्याचं. घरी हाय-न्हाई करणारी. आणि त्या सगळ्यांच्या कोवळ्या जिभा एकदम मागे वळत होत्या. रात्र. सरली. दार. घर. बाहेर. एकही 'र' सुटला नाही. वाक्य झोका घेऊन वर गेलं आणि वरच थांबलं. समुद्राच्या तळाशी गेलेली एक आयरिश बाई नगरच्या पहिलीच्या वर्गात चाळीस तोंडांनी बोलत होती.

मागून मिस जोसेफ फेरीवर येत होत्या. त्याही थांबल्या, कान देऊन ऐकलं. आता ओळखतील, असं मला वाटलं. त्या कौतुकानं म्हणाल्या, "किती गोड म्हणतात नाही पोरं?" आणि पुढे गेल्या. तपासणी इंग्रजीचीच असते.

मी खिडकीतून आत पाहिलं. रूथबाई पोरांच्यात सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता, डोळे मिटलेले. इतकी वर्षं मी त्यांना ही प्रार्थना म्हणताना पाहिलं होतं. आज त्यांचे ओठ हलत नव्हते. त्या नुसत्या ऐकत होत्या.

मी हाक मारली नाही. बुटांना वाकून नमस्कार केला आणि निघाले.